सासऱ्यांच्या गाडीचा टप

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासऱ्यांची गाडी अंगणात उभी होती. पुष्कळ वर्षांनी सासरे गेले तेव्हाही ती तिथेच उभी होती. मधल्या काळात मी तिच्यात एकदाही बसले नाही. घरातली कुठलीच बाई बसली नाही. गाडी विलायती, दोन दारांची. वरचा कापडी टप मागे दुमडला की उघडी होणारी. सासरे डॉक्टर होते. संध्याकाळी दवाखाना आटोपला की टप मागे टाकून सिव्हिल लाइन्समधून केस उडवत एक चक्कर मारून यायचे. केस फारसे नव्हतेच, पण जे होते ते उडवायचे. लग्नकार्याला जायचं असलं की ते गाडीतून पुढे निघत, आणि सासूबाई, मी आणि माझ्या दोन मुली ऑटोरिक्षातून मागे. कारण काय, तर गाडीची मागची सीट नाजूक आहे. पुढच्या सीटबद्दल कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

ते गेल्यावर गाडी कडुलिंबाच्या झाडाखाली सरकवली गेली. टप आधीच विरलेला होता. दोन पावसाळ्यांत तो फाटला, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून तडकली आणि आत मांजरीने पिल्लं घातली. इतक्या वर्षांत त्या गाडीचा कोणाला झालेला तेवढाच उपयोग, असं मी तेव्हा म्हणाले होते. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा स्वभाव असा की भांडण दिसलं की ते पेपर उघडतात. त्यांनी पेपर उघडला.

पुढचं सगळं घडलं ते माझ्या धाकट्या दिरामुळे. नागपूरच्या विमानतळाशेजारी मिहानचा मोठा प्रकल्प आला आणि माझ्या दिराकडे जमिनीच्या दलालीतून पैसा आला. पैसा आला तसा शौक शोधणं भाग पडलं. आधी त्याने घोडा घेतला. घोड्याने त्याला पाडलं. मग तो जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या मंडळात शिरला आणि एका रविवारी त्याला अचानक आठवलं की आपल्या बाबांची गाडी दादाच्या अंगणात पडून आहे.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी चार-पाच माणसं माझ्या अंगणात येऊन उभी राहू लागली. सगळे साठीच्या आसपासचे, सगळ्यांच्या गळ्यात चष्म्याच्या दोऱ्या. गाडीभोवती फेरी मारायची, बॉनेटवर टिचकी मारायची, ‘अहाहा’ म्हणायचं आणि मग तर्रीपोह्यांची वाट बघायची. माझे पोहे खाऊन यांनी त्या गाडीवर जेवढी भाषणं केली तेवढी मी सदतीस वर्षांच्या नोकरीत कॉलेजच्या वर्गातही केली नसतील. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. इंजिन एका मेकॅनिकने गुपचूप येऊन सुरू करून दिलं. ते श्रेय मंडळाने आपसांत वाटून घेतलं. राहिला टप. टप चेन्नईहून आणावा, की इंग्लंडहून मागवावा, की एक कोणी जुना कारागीर कोलकात्याला आहे त्याच्याकडे गाडी पाठवावी, यावर वर्षभर चर्चा झाली. वर्षभरात त्यांच्यापैकी एकानेही टपाला हात लावून तो गाडीला कसा जोडला आहे हे पाहिलं नाही.

मी पाहिलं. एका रविवारी ते गेल्यावर कपबशा उचलता उचलता मी वाकून पाहिलं. पुढच्या काचेच्या वर एक लाकडी पट्टी, तिच्यावर बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारून बसवलेलं रेक्झिन. मध्ये तीन लोखंडी कमानी, आणि त्या कमानी एकमेकींपासून ठरल्या अंतरावर धरून ठेवणारे दोन पट्टे; खाटेला असते तसल्या नवारीचे. मागे परत चुका. एवढंच होतं.

पुढच्या रविवारी मी सहज म्हणाले, “टप इथंच शिवता येईल.”

दीर हसला. त्याच्यामागे मंडळही हसलं.

“वहिनी,” तो म्हणाला, “हे उशीची खोळ शिवणं नव्हे. तुम्ही टेन्शन काहून घेता? तुम्ही पोहे आणा.”

मी पोहे आणले. त्यात मीठ घातलं नव्हतं. तरी खाल्ले त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पकड, चपटा पाना आणि जुनी चादर घेऊन गाडीपाशी बसले. मला त्या गाडीचं प्रेम होतं असं कोणी समजू नये. मला ती कधीच आवडली नाही, आजही आवडत नाही. मला फक्त त्या माणसाचं तोंड बंद करायचं होतं.

सासूबाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या उमरेडच्या, कोष्ट्यांच्या घरातल्या. सासऱ्यांसमोर त्यांना मी कधी मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मी त्यांना मनातून कमीच लेखत असे. सासरे गेल्यावर मात्र त्यांना वाचा फुटली होती, आणि ती सगळी माझ्या वाट्याला येत होती.

“काहून वं,” त्या म्हणाल्या, “तुले घरातले धंदे कमी पडून राहिले का?”

“टप काढते आहे, आई.”

“काढ. गंजलेले खिळे हातात घुसन, मंग समजन.”

घुसलाच. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले आणि पुन्हा बसले.

जुना टप फाडून चालणार नव्हतं. नवा बेतायचा तर जुना नमुना हवा. म्हणून एकेक चूक उपटत, शिवणी ब्लेडने उसवत मी तो थरांथरांनी सोडवला. वरचं रेक्झिन निघालं तसं खाली अस्तर दिसलं, आणि अस्तरावर ठिगळं. एक नाही, बरीच. हातशिलाईची, बारीक, एकसारखी टाचलेली. त्यातलं एक ठिगळ जांभळ्या काठाचं होतं. तो काठ मी ओळखला. माझ्या लग्नातल्या फोटोत सासूबाईंच्या अंगावर तीच साडी आहे.

घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी होती की सासरे टपाची डागडुजी मुंबईच्या एका पारशी कारागिराकडून करवून घेत. पाहुणे आले की ते त्या पारशाच्या हाताची तारीफ करत. मी ते अस्तर उचलून व्हरांड्यात नेलं.

“आई, हे कोणी शिवलं?”

त्यांनी चष्मा लावला, बोटाने शिवण चाचपली.

“पारशानं,” त्या म्हणाल्या.

मग अस्तर माझ्या हातात परत देत म्हणाल्या, “दर वर्षी पावसाच्या आधी शिवाव लागे. कोठीच्या खोलीत बसून. कोणाले सांगू नोको म्हने.”

“आणि तुम्ही नाही सांगितलं.”

“कोणाले सांगू? इथं कोण विचारून राहिलं होतं?”

मी अस्तर उलटसुलट करून पाहत होते. चालवणाऱ्याच्या डोक्यावरची शिवण दुहेरी, मेण लावलेल्या दोऱ्याची, आतून पट्टी चिकटवलेली. शेजारच्या सीटवरची शिवण मात्र साधी, आणि मधे चार बोटं उघडीच, नेमकी जिथे वरचं रेक्झिन चिरलं होतं तिथे. इतक्या नेटक्या हाताकडून ती चूक होणं शक्य नव्हतं.

“इथं राहून गेलं वाटतं,” मी म्हणाले.

“राहून नाही गेलं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या लिंबाच्या झाडाकडे पाहत होत्या.

“मी त बसतच नव्हती त्या सीटवर,” त्या म्हणाल्या. “जो बसन तो भिजन.”

कोण बसायचं हे मी विचारलं नाही. पावसाळ्यातसुद्धा संध्याकाळची चक्कर कधी चुकली नव्हती, एवढं मला आठवत होतं. इतकी वर्षं या बाईला मी भित्री समजत आले होते आणि ती दरवर्षी पावसाच्या तोंडावर सुई घेऊन बसत होती. मी अस्तर घडी करून आत नेलं.

कापडासाठी इतवारीच्या बाजारात गेले. दुकानदाराने आधी ऑटोरिक्षाच्या सीटचं रेक्झिन दाखवलं, मग सोफ्याचं, मग वाघाच्या पट्ट्यांचं. “मॅडम, ये बहुत चल रहा है,” म्हणाला. कोणाच्या गाडीवर चालत होतं कोण जाणे. शेवटी मीच आत शिरून मागच्या बाजूला पडलेला काळा, जाड, मागून सुती वीण असलेला तागा ओढून काढला. इंटरनेटवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओही पाहिला. त्याचं गॅरेज ऑपरेशन थिएटरसारखं स्वच्छ, हातांना एक डाग नाही. कापड तो असं ओढत होता जसं कोणी बाळाला पांघरूण घालावं. पूर्ण व्हिडिओभर त्याला एकही गंजलेली चूक भेटली नाही. मी तो बंद केला.

दिवाणखान्यातली गादी उचलून फरशीवर रेक्झिन पसरलं, जुन्या टपाचे तुकडे वर ठेवले, खडूने आखलं आणि कापलं. पायाच्या मशीनला जाडी सुई लावली. मधला पट्टा आणि एक बाजू शिवून झाली तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते. दुसरी बाजू लावायला घेतली आणि ती बसेना. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. तेवढ्यात यजमान चहाचा कप ठेवायला आले. जरा वेळ उभे राहिले.

“दोन्ही डाव्याच आहेत,” ते म्हणाले.

“काय?”

“बाजू. तू दोन्ही डाव्या कापल्या.”

खरंच होतं ते. कापडाला चांगली बाजू एकच. उलटून चालणार नाही. आरशातली प्रतिमा अदलाबदल होते हे मी पिढ्यान् पिढ्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. बाहेरून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज आला. त्यांना ऐकू कमी येतं असं घरात सगळे मानत होते.

मी इतवारीत परत गेले. दुकानदाराने पुन्हा वाघ दाखवला.

शिवण पूर्ण झाली तेव्हा नवतपा सुरू झाला होता. नागपुरात त्या नऊ दिवसांत शहाणा माणूस कूलरसमोरून उठत नाही. पण थंड रेक्झिन ताणलं जात नाही. कितीही ओढा, सुरकुती राहतेच. आणि आपल्या या उन्हाचा आजवर कोणी काही उपयोग करून घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं, कुरडया-पापड सोडून. मी ठरवलं की टप दुपारीच चढवायचा. डोक्याला ओला दुपट्टा बांधला, हाताला मोजे घातले, आणि गाडी झाडाखालून ढकलून भर उन्हात आणली. ढकलायला यजमान होते. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. एवढ्या वर्षांत एवढं तरी शिकले आहेत.

आधी नवारीचे पट्टे, मग अस्तर, मग वरचा टप. तो कमानींवर टाकून तासभर तापू दिला. मग आम्ही दोघं दोन टोकांना उभे राहिलो. रेक्झिन पोळीच्या कणकेसारखं मऊ झालं होतं. मी ‘ओढा’ म्हणायची, ते ओढायचे. मी पट्टीवर चूक ठोकायची, एक मधोमध, एक उजवीकडे, एक डावीकडे, पुन्हा मधे. कमानींना चुकून हात लागला की कातडी चिकटायची. घामाने चष्मा घसरायचा. दोनदा सगळं उपटून परत ठोकलं, कारण मागची शिवण वाकडी दिसत होती. यजमान दोनच शब्द बोलले. पहिल्यांदा “पाणी?” आणि शेवटची चूक ठोकून झाल्यावर, टपावर तळवा ठेवून, “ढोल.” खरोखर ढोलासारखा ताणला गेला होता. बोट मारलं तर वाजत होता.

रविवारी मंडळ आलं. गाडीकडे पाहून सगळे जागच्या जागी थांबले. दिराने टपाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी.

“कोणाकडून करून घेतला?” त्याने दादाला विचारलं.

यजमानांनी पेपर खाली ठेवला. “तुझ्या वहिनीनं शिवला. मी ओढला.”

“छोडो ना दादा, मजाक नको करू.”

त्याला सांगितलं, पट्टी दाखवली, खरचटलेले हात दाखवले. तो ‘वा वा’ म्हणाला, अगदी माझ्या मुली लहानपणी चित्र काढून दाखवत तेव्हा म्हणे तसं. मी त्याला एकच गोष्ट सांगितली: दोन महिने टप दुमडायचा नाही, चढवलेलाच ठेवायचा, म्हणजे तो बसेल. तो गाडी घेऊन गेला आणि फाटकाबाहेर पडायच्या आत त्याने टप मागे टाकला. बापाचे केस उडायचे, यालाही उडवायचे होते.

हिवाळ्यात मंडळाने जुन्या गाड्यांची फेरी काढली आणि नंतर एका लॉनवर बक्षीससमारंभ ठेवला. मी जाणार नव्हते. यजमानच म्हणाले, “चल, बघून येऊ.” लॉनवर गाड्या रांगेत लावल्या होत्या. आमच्या गाडीचा टप वर होता, आणि तिच्यासमोर परीक्षक उभे होते. मोठे जाणकार म्हणून त्यांचा लौकिक. हातात भिंग. त्यांनी टपाला भिंग लावून पाहिलं, शिवणीवरून नखं फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाले, “ओरिजिनल.”

या लोकांत त्याहून मोठा शब्द नाही. गाडीला कोणी काही केलेलं नाही, ही त्यांच्या मते सगळ्यात मोठी करामत. दीर बाजूला उभा होता, छाती काढून.

“ओरिजिनल नाही,” मी म्हणाले. “इतवारीतलं रेक्झिन आहे. मी शिवलं आहे, मे महिन्यात.”

परीक्षकांनी भिंग खाली करून माझ्याकडे पाहिलं. दीर पुढे आला आणि दातांतून म्हणाला, “वहिनी, चूप राहा ना. बक्षीस जाते.”

“मॅडम,” परीक्षक मायेने म्हणाले, “ही फॅक्टरीची शिवण आहे. घरी होत नाही ही.”

“डाव्या कोपऱ्यात आत पट्टीखाली बघा,” मी म्हणाले. “तिथे वीतभर निळा दोरा आहे. काळा संपला होता आणि दुपारी दुकान बंद होतं.”

त्यांनी पाहिलं. निळा दोरा होता. तीन-चार माणसं वाकून पाहू लागली. परीक्षक सरळ झाले. बराच वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला.

“परदेशात पाठवायच्या गाड्यांना,” ते म्हणाले, “कधीकधी असा निळा दोरा यायचा. दुर्मीळ आहे.”

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने निळ्या दोऱ्याचा फोटो काढला. ज्याला डोळ्यांसमोरचा दोरा दिसत नाही त्याच्याशी कशाला डोकं लावा? दिराला चषक मिळाला. त्याने मंचावरून बाबांच्या आठवणी सांगितल्या आणि त्या पारशी कारागिराचाही उल्लेख केला. यजमान माझ्या शेजारी बसले होते. वाचायला पेपर नव्हता, म्हणून त्यांनी टाळ्या न वाजवता हात मांडीवर ठेवले. त्यांच्या मानाने ते पुष्कळच होतं. टाळ्या संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, “चल, इथलं जेवण नको.” आम्ही वाटेत पाटवडीरस्सा खाल्ला.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. पारशाचं नाव आलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मला वाटलं तिथे हा विषय संपला. पण होळीनंतर एका बाईंचा फोन आला. त्या परीक्षकांच्या पत्नी. त्यांच्या घरीही एक तसलीच उघडी गाडी होती, तिचा टप उंदरांनी कुरतडला होता. परदेशातून मागवलेला टप आखूड निघाला.

“त्या दिवशी मी मागेच उभी होते,” त्या म्हणाल्या. “मला तर पटलं होतं तुमचं. यांना विचारवत नाही, म्हणून मी विचारते. कराल का?”

“करते,” मी म्हणाले. “पण ओढायला माणूस लागतो. त्यांना पाठवा. मे महिन्यात, भर दुपारी.”

“ते येतील?”

“नाही आले तर टप नाही.”

आले. काल दुपारी ते माझ्या अंगणात उभे होते, सुती मोजे घालून, हातात रेक्झिनचं एक टोक. डोक्यावर रुंद काठाची विलायती हॅट. दुसऱ्या टोकाला यजमान होते आणि मी तोंडात चुका धरून पट्टीवर वाकले होते. परीक्षकांच्या बाजूचं कापड मऊ होईना. हात लावला तर तेवढाच भाग थंड.

व्हरांड्यातून सासूबाई ओरडल्या, “अवं, त्याले टोपी काढाले लाव. सावली पडून राहिली कापडावर!”

त्यांनी टोपी काढली.